मनगटावरचा आकडा आणि घाटावरचा आकडा

ट्रायथलॉन हा खेळ कॅमेऱ्याने वाढवला. १९७८ साली हवाई बेटांतल्या ओआहूवर पंधरा जण समुद्रात ३.८ किलोमीटर पोहले, बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल चालवली आणि मग ४२.२ किलोमीटर धावायला निघाले. त्यांतले बारा शेवटपर्यंत पोचले. बेटाबाहेर फारशी कुणाला खबर नव्हती. पुढच्या वर्षी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’चा एक वार्ताहर गोल्फच्या स्पर्धेसाठी तिथे गेला होता. त्याने या ‘आयर्नमॅन’ शर्यतीवर मोठा लेख लिहिला आणि लोक येऊ लागले. १९८२ च्या फेब्रुवारीत ज्युली मॉस ही विद्यार्थिनी शेवटच्या काही मीटरांत कोसळली. पहिला नंबर डोळ्यांदेखत गेला, तरी ती हातापायांवर रांगत रेषेपर्यंत गेली. अमेरिकेच्या घराघरांत टीव्हीवर ते दृश्य दिसलं आणि हा खेळ जगभर पसरला. २००० साली सिडनीत तो ऑलिंपिकमध्येही आला. त्या दृश्याने हजारो माणसं खुर्चीतून उठली. त्यामुळे माध्यमं आणि मोकळ्या हवेतलं जगणं यांचं हाडवैर आहे, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मी सांगलीत राहते, माहेर साताऱ्याचं. नोकरी, घर सांभाळून पोहते, सायकल चालवते, धावते. या तीन गोष्टी दोन्ही जिल्ह्यांत शिकले आणि दोन्ही जिल्ह्यांना जोडणाऱ्या नदीच्या काठाकाठाने शिकले. पहाटेच्या या सगळ्या उद्योगात माझ्याबरोबर सतत एक माध्यम असतं: मनगटावरचं घड्याळ, खिशातला फोन, कानातला आवाज. ही साधनं फेकून द्या असं मी सांगणार नाही. मला काळजी आहे ती वेगळी. या साधनांनी आमच्या हातात मोजण्याची विलक्षण ताकद दिली आणि ती सगळी ताकद आम्ही स्वतःला मोजण्यात खर्च करतो आहोत. ज्या पाण्यात, रस्त्यावर, डोंगरावर हे सारं चालतं, त्यांचं मोजमाप कुणीच करत नाही. केलं तरी कुणी वाचत नाही.

शरीर आणि छापील शब्द यांची आमच्या भागातली जोडी जुनी आहे. खटाव तालुक्यातलं औंध आज साताऱ्याच्या नकाशावर एक लहान गाव आहे, पण तिथल्या संस्थानाचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांसाठी जे केलं, त्याला तोड नाही. ते स्वतः रोज नमस्कार घालत, शाळांमधून त्यांनी ते सक्तीचे केले, स्त्रियांनीही घालावेत असा आग्रह धरला आणि छायाचित्रं देऊन पुस्तकं काढली. १९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी ‘न्यूज क्रॉनिकल’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, आणि १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक लंडनहून निघालं. आज जगभरच्या योगवर्गांत सूर्यनमस्कार घातले जातात. त्या प्रवासातला एक मोठा टप्पा या डोंगराळ, पाऊस कमी पडणाऱ्या तालुक्यातून गेला आहे.

त्याच संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. त्याआधी बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि ते लोकांना सायकल शिकवतही असत, हे सायकलवर बसणाऱ्या कुणालाही ऐकायला आवडेल. या किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. पुढे तिचं ‘किर्लोस्कर’ झालं, १९३० साली ‘स्त्री’ आली, १९३४ साली ‘मनोहर’. लोखंडी नांगर करणाऱ्या गावाने मराठी मध्यमवर्गाच्या घरात नवे विचार पोचवले. माझ्या आजीच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे अंक होते. बाईने मोकळ्या हवेत बाहेर पडावं, हा विचार तिच्यापर्यंत कुठल्याही माणसाच्या आधी कागदावरून पोचला, असं ती सांगायची.

त्या छापील माध्यमाचा एक गुण मला फार मोठा वाटतो. व्यायाम कसा करायचा, हे कागद सांगू शकत होता. वाचणाऱ्याने किती केला, हे त्याला कळायला वाव नव्हता. त्यामुळे चित्र बघून झालं की अंक मिटायचा आणि अंगणात उतरायचं. अंगणात उतरल्यावर जे घडायचं ते त्या माणसाचं आणि त्याच्या आजूबाजूच्यांचं असायचं. एकाने वाचलं की चौघे करायचे.

कुस्तीच्या मैदानातही हेच. कुंडलचं मैदान असो की गावच्या जत्रेतलं, तिथे ध्वनिक्षेपकावरून बोलणारा निवेदक हा आमच्या भागातला पहिल्या दर्जाचा क्रीडापत्रकार आहे. शंकर पुजारींसारखा निवेदक पैलवानाचं गाव सांगतो, वस्ताद सांगतो, तालीम सांगतो, घरची परिस्थिती सांगतो, लागलेला डाव कोणता आणि तो कसा सुटेल तेही सांगतो. मैदानावर बसलेला म्हातारा आणि खांद्यावर बसलेलं पोर, दोघांना एकाच वेळी कुस्ती बघायला शिकवतो. आता ही मैदानं यूट्यूबवर थेट दिसतात. परदेशात नोकरी करणारा पलूसचा मुलगा तिथून कुस्ती बघतो. माध्यम बदललं, पण निवेदकाची नजर शाबूत राहिल्यामुळे मूळ गोष्ट टिकली. तंत्र नवं आलं म्हणून काही बिघडतंच असं नाही, हे मी यावरून म्हणते. बघणाऱ्याला ते कशाकडे वळवतं, यावर सगळं अवलंबून आहे.

घड्याळाकडे यायला हवं. त्याचे उपकार आधी सांगते, कारण ते खरे आहेत. तालुक्याच्या गावात ट्रायथलॉनचा प्रशिक्षक नसतो. फ्रीस्टाइलमध्ये कोपर वर ठेवून हात पाण्यात कसा शिरवायचा, श्वास घेताना डोकं उचलायचं नाही तर अंगाबरोबर फिरवायचं, हे माझ्यासारख्यांना संथ गतीच्या व्हिडिओंनी शिकवलं. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या मुलीला मान वर ठेवूनच पोहायची सवय असते. ती मोडायला मला जे लागलं ते फोनमध्ये मिळालं. नाडीचे ठोके दिसायला लागले तेव्हा कळलं की हौशी माणूस हळू जायच्या दिवशी फार जोरात जातो आणि जोरात जायच्या दिवशी थकलेला असतो. बहुतेक सराव बोलत बोलत करता येईल इतका सावकाश असावा आणि थोडाच खरा कठीण, हे तत्त्व आकड्यांनी पटवलं. नुसत्या सांगण्याने पटलं नसतं. आणि बाईमाणूस पहाटे पाचला एकटी सायकल काढते तेव्हा ती कुठे आहे हे घरच्यांना फोनवर दिसत राहतं. या सोयीमुळे किती जणींना घराचा उंबरठा ओलांडता आला, हे आमच्या गटातल्या बायका सांगतील.

पण आकडा हळूहळू जागा व्यापत जातो. यवतेश्वरचा घाट चढताना खाली सातारा शहर उजळत असतं, पलीकडे अजिंक्यतारा किल्ला काळ्याचा निळा होत असतो, आणि माझी नजर चढाईच्या टक्क्यावर असते. चढ संपला की ती चढाई नोंदली गेली का, हे आधी तपासलं जातं. मग ती इतरांना दिसते, त्यांची मला दिसते, आणि सराव नावाची गोष्ट, जी मुळात स्वतःच्या शरीराशी केलेली लांबलचक बोलणी असते, ती दुसऱ्यांसमोरचा हिशेब होऊन बसते. सराव बघायला कंटाळवाणाच असायला हवा. एकच वळण, एकच चढ, तोच वेग, आठवड्यामागून आठवडे. शरीर बदलतं ते या कंटाळ्यात. रीलला कंटाळा चालत नाही. म्हणून रीलमध्ये सराव कधीच दिसत नाही. शेवटची रेष, पदक आणि सूर्योदय दिसतो. नवीन येणारी मुलं त्यालाच सराव समजतात, दोन महिन्यांत गुडघा दुखवून घेतात आणि घरी बसतात. ज्युली मॉसचं रांगणं बघून माणसं उठली, कारण त्यात श्रम दिसत होते. नुसत्या झळाळीने माणूस क्षणभर उठतो आणि परत बसतो.

यापेक्षा गंभीर बाब म्हणजे या माध्यमाला कोण दिसतच नाही. धावणं, सायकल नोंदवणाऱ्या ॲपांवर एक नकाशा असतो: ज्या रस्त्यांवर माणसं धावतात ते रस्ते त्यात उजळतात. २०१८ साली या नकाशामुळे जगभर खळबळ माजली, कारण दूरच्या लष्करी तळांवर धावणाऱ्या सैनिकांच्या रेघा त्यात चमकत होत्या. पण तो नकाशा फक्त घड्याळवाल्यांचा असतो. आमच्याकडे पहाटे सगळ्यात जास्त धावतं कोण? भरतीची पोरं. पोलीस भरती, सैन्य भरती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी सैनिक देण्याची परंपरा आहे, आणि दुष्काळी पट्ट्यात भरती हाच शेतीबाहेरचा भरवशाचा रस्ता वाटतो. साध्या कॅनव्हासच्या बुटांत, कधी अनवाणी, ही मुलं आणि आता मुलीही सोळाशे मीटरची वेळ सेकंदासेकंदाने खाली आणत असतात. वेळ लावायला एकाच्या हातात साधा फोन असतो आणि तो बांधावर उभा राहून ओरडून आकडे सांगतो. जत, आटपाडी, माण, खटाव इथले ते रस्ते त्या नकाशावर अंधारात राहतात.

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर अशाच रस्त्यांवरून निघाली. २०१५ साली ती तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेती झाली आणि २०१६ साली रिओत तिने ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. ट्रॅकवरच्या शर्यतीत भारतीय स्त्रीने अंतिम फेरीत धावण्याची ती १९८४ च्या पी. टी. उषानंतरची पहिली वेळ. खाशाबा जाधवांचीही आठवण इथे काढायलाच हवी. कराड तालुक्यातलं गोळेश्वर. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन ते परतले तेव्हा कराड स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या पदकात गावाचा वाटा होता आणि गावाला ते ठाऊक होतं.

आम्ही ट्रायथलॉनवाले वेगळ्या आर्थिक थरातले आहोत, हे स्पष्ट म्हणायला हवं. एका बऱ्या रेसिंग सायकलीच्या किमतीत भरतीच्या पोरांच्या अख्ख्या गटाचे बूट येतात. गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅनला नाव घालायचं तर प्रवेश शुल्क, प्रवास, हॉटेल. यात लाज वाटावी असं काही नाही. कष्टाच्या पैशाने माणूस देवदर्शनाला जातो तसा समुद्रात पोहायलाही जाऊ शकतो. पण ज्याच्याकडे वेळ, साधन आणि बोलण्याची जागा आहे, त्याच्यावर बघण्याची जबाबदारी जास्त येते. हौशी खेळाडूला पदक मिळणार नसतं, नोकरी मिळणार नसते. तो जे मिळवतो ते मुळात अनुभवाचं धन असतं, आणि ते धन त्याने कशाला लावावं हा प्रश्न उरतोच.

हे धन किती मोठं असतं, ते जिल्ह्यात पाय आणि चाकं फिरवल्यावर कळतं. जानेवारी-फेब्रुवारीत सांगलीच्या आसपास सायकल घेऊन गेलं की शिजणाऱ्या हळदीचा वास येतो. नोव्हेंबरपासून रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, बऱ्याच मागे रिफ्लेक्टर नसलेल्या. स्पीकरच्या आवाजात चालकाला मागून येणारा सायकलवाला ऐकू येत नाही. रस्त्याकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात, आणि पहाटे चारला त्यांतल्या बाया डोक्यावर चुंबळ ठेवून फडाकडे निघालेल्या असतात. त्यांच्यापुढे आमच्या सहनशक्तीच्या गप्पा मी तरी कधी मारत नाही. साताऱ्याकडे येताना हवा कोरडी होत जाते, काळी जमीन मुरमाची होते, वारा समोरून लागतो. वाईहून पसरणी घाट चढताना मागे धोमचं पाणी दिसतं. साताऱ्यात ‘चार भिंती’ स्मारकावर आणि अजिंक्यताऱ्यावर रोज चढणारी म्हातारी माणसं झाडांची नावं सांगतात, कुठली वठली तेही सांगतात. गाडीच्या काचेतून यातलं काही कळत नाही.

कास पठाराचं काय झालं, हे याच नजरेने पाहायला हवं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसास्थळांत आलं. त्याच वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, जी शहरातून यवतेश्वरच्या घाटाने वर जाते आणि परत येते. धावपटूंच्या एका साध्या गटाने सुरू केलेल्या शर्यतीने साताऱ्याला दरवर्षी एक सकाळ घराबाहेर आणलं. मुलं रस्त्याच्या कडेला ढोल वाजवतात, आज्या पाणी देतात. मला ही मोठी सामाजिक घटना वाटते. दुसरीकडे फुलांच्या फोटोंनी कासवर इतकी गर्दी लोटली की रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून द्यावी लागली, आगाऊ नोंदणी आणावी लागली. एकच रस्ता, एकच दशक. शर्यतीत माणूस रस्त्यावर श्रम करून वर जातो, म्हणून तो डोंगर त्याच्या पायांत उतरतो. फोटोवाल्याला फूल हवं असतं, आणि फुलापर्यंत पोचायला तो फुलांवरूनच चालतो.

आता पाण्याकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर हे पोहण्याच्या इतिहासातलं केवढं मोठं नाव. सैन्यात होते, बॉक्सिंग करत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह जिंकलं. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट आला आणि त्यांच्याच जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांनी तेव्हा त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पडद्याने न्याय दिला, बावन्न वर्षांनी. चित्रपट पाहून आलेल्या मुलाने पोहायचं ठरवलं तर त्याने उतरायचं कुठे, हा पुढचा प्रश्न मात्र पडद्याचा नाही, आमचा आहे.

कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. धोम, वाई, माहुलीला वेण्णा येऊन मिळते, कराडला कोयना, मग औदुंबर, भिलवडी, सांगली, आणि हरिपूरला वारणा. दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या पिढ्या हिच्यातच पोहायला शिकल्या. पाठीला पांगाऱ्याचं लाकूड, वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. सांगलीच्या घाटांवरून पलीकडे जाऊन येणं म्हणजे वयात आल्याची खूण असायची. नदीत आजही नेमाने पोहणारी ज्येष्ठ माणसं आहेत. पण नव्या मुलांना आईबाप पाठवत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. शेरी नाल्याचं सांडपाणी सांगलीत नदीला मिळतं, हा प्रश्न माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा आहे. कोयना धरणातून पाणी कमी सुटलं की उन्हाळ्यात प्रवाह थांबतो, डोह हिरवट-काळे पडतात. गेल्या काही वर्षांत हजारो मासे मरून काठाला लागल्याचं सांगलीकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. भिलवडीपासून खाली मगरी आहेत. काही पट्टे त्यांचे आहेत, तिथे माणसाने उतरू नये. मगर हा नदीचा दोष नाही, तीही त्याच पाण्यावर जगते.

परिणाम असा की नदीकाठच्या शहरातला ट्रायथलॉनचा खेळाडू पंचवीस मीटरच्या तलावात फेऱ्या मारतो आणि उघड्या पाण्याचा सराव करायला शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवत जातो. उघड्या पाण्यात दिशा बघत पोहायचं असतं, तळाला रेघ नसते, लाट तोंडावर येते. ते तलावात शिकता येत नाही. पण खेळाडूची गैरसोय ही यातली सर्वांत लहान गोष्ट. ज्या पाण्यात उतरायला आम्ही कचरतो, तेच पाणी खालची गावं पितात.

पॅरिसचं उदाहरण द्यायला हवं. सीन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. २०२४ च्या ऑलिंपिकमधली ट्रायथलॉन तिथे घ्यायची ठरली, आणि त्या एका निश्चयापायी सुमारे १४० कोटी युरो सांडपाण्याच्या व्यवस्थेवर खर्च झाले. पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली पन्नास हजार घनमीटरचं टाकं बांधलं. तरीही पाऊस झाला, पाण्याची तपासणी नापास झाली आणि पुरुषांची शर्यत ३० जुलैवरून ३१ जुलैला ढकलावी लागली. जगभर टीका झाली. मला त्या टीकेपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली: रोजची तपासणी होत होती, तिचा निकाल जग वाचत होतं, आणि त्या आकड्यापुढे ऑलिंपिकही थांबत होतं. २०२५ च्या जुलैत सीनच्या तीन जागा सर्वसामान्यांना पोहायला खुल्या झाल्या. ट्रायथलॉन या खेळाने आजवर केलेल्या कामांत मला हे सर्वांत मोठं वाटतं.

आमच्याकडे ऑलिंपिक येणार नाही आणि तेवढा पैसाही नाही, असं कुणी म्हणेल. पैशाचं मान्य. पण आकडा वाचायची सवय आमच्याकडे पॅरिसपेक्षा पक्की आहे. सांगलीत पावसाळ्यात शाळकरी पोरालाही विचारा: आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, आज भरलं किती, विसर्ग किती क्युसेक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा रात्र रात्र जागून माणसं इंचाइंचाचा हिशेब ठेवत होती. भाजीवाल्या मावशींना क्युसेक कळतो. हे कुणी शिकवलं? स्थानिक वर्तमानपत्रांनी रोज पहिल्या पानावर छापून, आकाशवाणीने सांगून, आता मोबाइलवर पाठवून. माध्यमांनी एका अख्ख्या शहराला जलशास्त्राचे आकडे वाचायला शिकवलं, आणि त्या आकड्यांनी जीव वाचवले.

मग नदी किती वाढली हे ज्या जागी छापलं जातं, तिथेच ती किती स्वच्छ आहे हेही छापायला काय हरकत आहे? आंघोळीच्या पाण्याचे निकष ठरलेले आहेत: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम, बीओडी तीन मिलिग्रॅमपर्यंत, शंभर मिलिलिटर पाण्यात एकूण कोलिफॉर्म पाचशेपर्यंत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप. बीओडी जितका जास्त, तितका माशांना प्राणवायू कमी उरतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून नदीच्या पाण्याची तपासणी होतही असते. पण ते आकडे तक्त्यांमध्ये राहतात, घाटावर येत नाहीत. माहुलीच्या संगमावर, कराडच्या प्रीतिसंगमावर, सांगलीच्या घाटावर एक फळा आणि दर आठवड्याला खडूने लिहिलेले तीन आकडे, एवढीच माझी मागणी आहे. चाळीस फूट ऐकल्यावर जसं सामान आवरायचं हे प्रत्येकाला कळतं, तसं बीओडी नऊ ऐकल्यावर कुणाला जाब विचारायचा हे दोन वर्षांत कळायला लागेल.

या कामाच्या मागे कुणी लागायचं, याचं उत्तर माझ्यापुरतं स्पष्ट आहे. आम्ही. दोन जिल्ह्यांत मिळून पोहणारे, सायकलवाले, धावणारे आता थोडेथोडके नाहीत. आमच्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, अभियंते आहेत, रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत. आम्हाला आकड्यांची भाषा येते, रोज पहाटे आम्ही नदीपाशी असतो, आणि आमचं म्हणणं पोचवायची साधनं आमच्या खिशात आहेत. औंधच्या राजांनी व्यायाम सगळ्यांचा केला तो छापखान्याच्या जोरावर. आमच्याकडे त्याहून कितीतरी मोठा छापखाना आहे आणि त्यावर आम्ही आपापले ठोके छापतो आहोत.

सातारा-सांगलीतल्या माझ्या पोहणाऱ्या, धावणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, येत्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपापल्या गावच्या घाटावर जा, पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि आलेला आकडा तुमच्या पळण्याच्या वेळेच्या जागी सगळ्यांना पाठवा. आणि वर्तमानपत्रांच्या संपादकांना विनंती: पावसाळ्यात कोयनेच्या साठ्यासाठी जी चौकट राखून ठेवता, ती उन्हाळ्यात रिकामी ठेवू नका.